हिवाळी स्पिती (डिसेंबर ते मार्च): रस्ता, मुक्काम, गाडी, तब्येत – माहितीचा धागा

पहाडवेडा

दर वर्षी दिवाळी झाली की स्पितीबद्दल (हिमाचलमधलं उंचावरचं थंड खोरं) तेच प्रश्न येतात आणि उत्तरं चार धाग्यांत विखुरलेली राहतात. म्हणून हा वेगळा धागा. उन्हाळी स्पितीबद्दल इथे नको. हिवाळ्यात रस्ता, पाणी, वीज, मुक्काम सगळ्याचंच गणित बदलतं.

सुरुवात सगळ्यात मोठ्या गैरसमजापासून. "अटल बोगदा झाला, आता मनालीहून बारा महिने स्पिती चालू" असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला ९.०२ किमीचा हा बोगदा रोहतांग खिंड टाळतो आणि तुम्हाला लाहौलमध्ये, सिस्सूच्या बाजूला सोडतो. तिथून स्पितीला जायला ग्राम्फू, छत्रू, बातल करत साडेचार हजार मीटरपेक्षा उंच कुंझुम खिंड ओलांडावी लागते. ती साधारण नोव्हेंबरात बंद होते आणि मे-जूनच्या सुमारास उघडते. मनालीहून हिवाळ्यात काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला, नेण्याचं आश्वासन कोणी देत असेल तर पैसे भरू नका.

हिवाळ्यातला मार्ग एकच: शिमला, नारकंडा, रामपूर, ज्योरी, वांगतू, टापरी, पोवारी (वर रेकाँग पिओ आणि कल्पा), पुढे स्पिलो, खाब, नाको, चांगो, सुमदो, ताबो, काझा. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५, पुढे ५०५. शिमला ते पिओ सुमारे २३० किमी, पिओ ते काझा सुमारे २००. आकडे लहान दिसतात, पण पिओ ते काझा हा कोरड्या रस्त्यावरसुद्धा पूर्ण दिवसाचा प्रवास आहे.

नारकंडा स्वतःच २,७०० मीटरवर आहे. तिथे आणि कुफ्रीला बर्फ पडला की सुरुवातीलाच अडकायला होतं. अशा वेळी वाहतूक शिमल्याहून बसंतपूरमार्गे खालच्या रस्त्याने सतलजच्या काठाकाठाने वळवतात. वेळ जास्त लागतो, पण तो रस्ता बराच खाली असल्याने सहसा चालू असतो. ड्रायव्हरला हा पर्याय माहीत आहे ना, हे निघण्याआधी विचारून घ्या.

महिन्यांचं म्हणाल तर डिसेंबरात थंडी कडक असते पण बर्फ कमी आणि रस्ता बहुतेक चालू. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी बर्फ-पावसाची वादळं) एकामागून एक येतात, बर्फ खरा तेव्हाच. मार्चमध्ये दिवस मोठा आणि ऊन चांगलं, पण साठलेला बर्फ सैल होतो, त्यामुळे हिमस्खलन आणि दरडी वाढतात. काझाला जानेवारीत रात्री उणे २० च्या खालीही जातं, वरच्या गावांत त्याहून कमी.

---

मावळतीर

धाग्यासाठी आभार. आमचा बेत असा: जानेवारीचा शेवटचा आठवडा, चौघे जण, त्यात आई ६२ वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू. पुण्याहून स्वतःची डिझेल एसयूव्ही (फोर बाय फोर). एकूण नऊ दिवस. शिमला, नाको, काझा, लांगझा-हिक्कीम-कोमिक, की मठ, किब्बर, चिचम पूल, ढांकर, पिन खोऱ्यातलं मूद. काय गाळावं?

---

पहाडवेडा

मावळतीर, पुणे ते चंदीगड एका बाजूने सोळा-सतराशे किलोमीटर. नऊपैकी पाच-सहा दिवस मैदानातच जातील. विमानाने किंवा रेल्वेने चंदीगड गाठा आणि तिथून हिमाचलची टॅक्सी घ्या. मूद या बेतातून पूर्ण काढा. पिन खोऱ्यातला रस्ता हिमस्खलनाच्या उतारांखालून जातो, बर्फ पडला की तो उघडायला काझा रस्त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

माझ्या मते नऊ दिवसांत काझाचा हट्टच सोडा. कल्पा, नाको, ताबो आणि ढांकर हेही स्पिती-किन्नौरच (किन्नौर हा वाटेतला शेजारचा जिल्हा) आहे आणि तिथे हिवाळा पुरेपूर दिसतो. काझा आणि वरची गावं करायची तर चंदीगड ते चंदीगड दहा दिवस, त्यावर किमान तीन दिवस रिकामे हातात हवेत. हे तीन दिवस फिरायचे नाहीत. बर्फ पडला की रस्ता उघडेपर्यंत आहात तिथे बसून राहायला ते लागतात. परतीचं तिकीट त्यांच्या अलीकडचं काढलं की माणसं घाईने बंद रस्त्यावर निघतात. हिवाळ्यातल्या बऱ्याच संकटांची सुरुवात त्या तिकिटापासून होते.

---

नाडीपरीक्षा

तब्येतीबद्दल मी लिहितो. बेत ठिकाणांच्या यादीवरून न आखता *झोपायच्या उंची*वरून आखा. दिवसा वर जाऊन खाली येणं शरीर सहन करतं, त्रास होतो तो रात्री उंचावर झोपल्यावर.

३,००० मीटरच्या वर एका रात्रीत झोपायची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्त काढावी, हा नियम. आता उंच्या बघा: कल्पा सुमारे २,९६०, ताबो ३,२८०, काझा ३,६५० च्या आसपास, नाकोही ३,६६०. किब्बर ४,२७०, लांगझा ४,४००, कोमिक जवळपास ४,६००.

यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, वर जाताना नाकोला मुक्काम करू नका. कल्पाहून नाको म्हणजे एका दमात ७०० मीटर. नाको बघा, जेवा आणि पुढे ताबोला उतरून झोपा. नाकोचा मुक्काम हवाच असेल तर परतीच्या वाटेवर करा. दुसरं, काझाला पहिल्या दोन रात्री काढल्याशिवाय किब्बर-लांगझाला मुक्काम नको.

कल्पाला दोन रात्री, ताबोला एक, मग काझा. हिवाळ्यातला मार्ग किन्नौरमार्गे असल्यामुळे उंची हळूहळू वाढते, हा मोठा फायदा आहे. घाईत तो घालवू नका.

अॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स): प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारणपणे १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून आणि सर्वांत उंच मुक्कामी पोचल्यावर दोन दिवस. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, ते अपेक्षित आहे. मावळतीर, आईंची रक्तदाबाची गोळी कोणती आहे हे बघायला हवं. ती लघवी वाढवणारी असेल तर दोन्ही मिळून पाणी आणि क्षार कमी होतात. निघण्याआधी दोन-तीन आठवडे त्यांच्या डॉक्टरांना उंच्या लिहिलेला कागदच दाखवा.

लक्षणं: डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं इथपर्यंत असेल तर आहात त्याच उंचीवर थांबा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप, खोकला, ओठ निळसर, किंवा तोल जाणं आणि असंबद्ध बोलणं दिसलं की ताबडतोब खाली. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. आणि हिवाळ्यातली खरी अडचण हीच की रस्ता बंद असेल तर खाली जाता येत नाही. काझाला सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, ऑक्सिजन तिथे मिळतो. मोठं रुग्णालय पिओलाच. म्हणून अंदाज वाईट असेल तेव्हा काझाच्या वरच्या गावात मुक्कामाला जाणं मला पटत नाही.

दुकानात मिळणारे दहा लिटरचे ऑक्सिजनचे डबे घेऊ नका. मिनिटाला दोन लिटर धरले तर पाच मिनिटांत डबा संपतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जरूर न्या, पण बोट गार असेल तर ते खोटं कमी दाखवतं. हात चोळून, पाच मिनिटं मोज्यात ठेवून मग मोजा.

मधुमेह असणाऱ्यांसाठी: इन्सुलिन गोठलं की निकामी झालं, वितळल्यावर ते वापरू नका. पेन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, रात्री पांघरुणात घ्या. साखर तपासायची बहुतेक यंत्रं १० अंशांच्या खाली काम करत नाहीत, तीही ऊबेत ठेवा.

---

मावळतीर

आईंच्या डॉक्टरांना दाखवतो. पण गाडी फोर बाय फोर असताना टॅक्सी कशाला? आणि पुढच्या वर्षी सुट्टी जास्त मिळाली तर स्वतःची गाडी न्यायला काय तयारी लागेल?

---

चाकोरी

फोर बाय फोर गाडीला *पुढे* न्यायला मदत करतं, *थांबवायला* नाही. बर्फावर ब्रेक लावला की फोर बाय फोर आणि साधी गाडी सारख्याच घसरतात. या रस्त्यावर धोका थांबण्याचा आणि वळण्याचा आहे.

पुण्या-मुंबईच्या गाडीची तयारी, महत्त्वाच्या क्रमाने:

कूलंट. आपल्याकडे पातळी कमी झाली की नळाचं पाणी ओततात. दोन-तीन वेळा असं झालं की मिश्रण पातळ होतं, आणि उणे २० ला पाणी गोठून फुगतं तेव्हा रेडिएटर किंवा थेट इंजिनचा ब्लॉक तडकतो. दुरुस्ती तिथे होत नाही. सगळं काढून इथिलीन ग्लायकोलचं निम्मं-निम्मं मिश्रण भरा, ते उणे ३५ च्या पुढेपर्यंत टिकतं. चाळीस टक्के ग्लायकोल असेल तर उणे २४ च्या आसपासच हद्द येते, काझाला तेवढं पुरेल याची खात्री नाही. शुद्ध ग्लायकोलही भरू नका, ते उलट लवकर गोठतं. गॅरेजमध्ये गोठणबिंदू मोजायचं साधं यंत्र असतं, त्यावर थेंब टाकून आकडा बघूनच गाडी ताब्यात घ्या.

डिझेल. थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होतं आणि फिल्टर तुंबतो. ओळख अशी की गाडी सकाळी सुरू होते, एक-दोन मिनिटं चालते आणि दम तोडते. टाकीतल्या नळीत उरलेल्या डिझेलवर ती सुरू झालेली असते. मैदानातलं डिझेल टाकीत घेऊन वर जाऊ नका, ते शक्य तेवढं संपवत पोवारीला पोचा आणि तिथे टाकी पूर्ण भरा. पुढचा भरवशाचा पंप काझालाच. इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल २०१९ मध्ये लडाखसाठी आणलं. पंपावर हिवाळी डिझेल आहे का हे विचारूनच भरा. जुन्या ड्रायव्हरांचा रॉकेल मिसळायचा सल्ला बीएस-६ गाडीला मानवत नाही, पंप आणि इंजेक्टर जातात. तुंबलाच फिल्टर तर गाडी उन्हात उभी करा, फिल्टरवर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा. खाली जाळ करून टाकी तापवणारे दिसतील, त्यांचं ऐकू नका. गाडीला युरियाचं द्रावण लागत असेल तर ते उणे ११ ला गोठतं, टाकीला हीटर असतो म्हणून सहसा अडत नाही, पण टाकी काठोकाठ भरू नका. पेट्रोल गाडीला हे काहीच नाही.

बॅटरी. उणे १८ ला तिची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदलून निघा. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची केबल जाड घ्या, बाजारातल्या बारीक तारा तापतात आणि डिझेल गाडी उठवत नाहीत. तेल ५डब्ल्यू-३० किंवा गाडीच्या पुस्तकात थंडीसाठी दिलेलं.

रात्री उभी करताना हँडब्रेक ओढू नका. ओले ब्रेक-शू ड्रमला गोठून चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणी काढून थंडीचं द्रावण भरा.

---

चाकोरी

बर्फात टायरला लावायच्या चेनबद्दल वेगळं लिहितो, कारण माणसं ती विकत घेतात आणि पहिल्यांदा बर्फात उघडतात.

टायरच्या बाजूवर लिहिलेल्या मापाचीच चेन घ्या. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर चेन पुढच्या चाकांना, मागची ओढणारी असेल तर मागच्या. फोर बाय फोरला चारही उत्तम, दोनच असतील तर कुठे लावायच्या ते गाडीच्या पुस्तकात बघा. चाक आणि आतल्या भागात पुरेशी जागा आहे का हेही त्यातच लिहिलेलं असतं.

लावायची पद्धत: सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, दुसऱ्या चाकांना दगड. चेन आधी जमिनीवर पसरून गुंता सोडवा, कड्यांची टोकदार बाजू टायरपासून बाहेर राहील अशी. टायरवर माळेसारखी टाका, दोन्ही बाजूंना सारखी लोंबू द्या. आधी *आतल्या* बाजूचा हूक लावा, मग बाहेरचा. गाडी अर्धा फेरा पुढे घ्या म्हणजे टायरखालचा भाग मोकळा होतो, मग ताण द्या. शंभर मीटर चालवा, उतरा, पुन्हा ताण द्या. हा दुसरा ताण लोक विसरतात, मग सैल चेन उडून ब्रेकची नळी तोडते. वेग ३० च्या आत. डांबर उघडं दिसलं की काढा, कोरड्या रस्त्यावर चेनही तुटते आणि टायरही खराब होतो. लोकरी हातमोज्यांवर रबरी मोजे चढवा, ओल्या बोटांनी हूक बसत नाही. घरच्या पार्किंगमध्ये दहा वेळा लावून काढा, पाच मिनिटांत जमायला हवी.

ताज्या बर्फाची मला तेवढी भीती वाटत नाही. *काच* म्हणजे पारदर्शक गोठलेलं पाणी, ते जास्त वाईट. ते ठरलेल्या ठिकाणी असतं: जिथे ओढा किंवा पाझर रस्त्यावरून वाहतो तिथे, आणि ज्या वळणावर ऊन पोचत नाही तिथे. अशा जागी आधीच दुसऱ्या गिअरमध्ये या, पाय दोन्ही पेडलवरून काढा, स्टिअरिंग हळू. घसरायला लागली तर ब्रेक सोडा, जिथे जायचंय तिकडे चाक वळवा.

निघायची वेळ नऊच्या आसपास, रस्त्यावर ऊन आल्यावर. चारपर्यंत मुक्कामी. दुपारी वितळलेलं पाणी पाच वाजता पुन्हा काच होतं.

---

एसटीप्रेमी

टॅक्सी परवडत नसेल त्यांच्यासाठी: हिमाचल परिवहनची बस चंदीगड आणि शिमल्याहून पिओला जाते, आणि पिओहून काझाची बस सकाळी लवकर सुटते. हवा चांगली असेल तर दहा-बारा तासांत काझा. हिवाळ्यात बस ताबोपर्यंतच जाते असंही होतं, किंवा रद्द होते. म्हणून आदल्या संध्याकाळी पिओ स्टँडवर स्वतः जाऊन विचारा, फोनवरच्या माहितीवर राहू नका.

जाताना बसची उजवी-डावी बाजू निवडण्यापेक्षा पुढची जागा निवडा, मागे हादरे फार बसतात आणि दार उघडंमिटं होताना गार वारा मागेच साठतो. गुडघ्यावर घ्यायला पांघरूण हातात ठेवा, सामान टपावर गेलं की ते मिळत नाही. वाटेत सुमदोच्या तपासणी नाक्यावर नोंद होते, ओळखपत्र मूळ हवं.

या रस्त्याचे चालक उत्तम आहेत. त्यांनी "आज नको" म्हटलं तर टॅक्सी करून पुढे जायचा विचारही करू नका.

---

चाकोरी

+१ एसटीप्रेमी. धोक्याच्या जागाही लिहून ठेवतो: ज्योरी ते वांगतूमधलं निगुलसरी (११ ऑगस्ट २०२१ ची मोठी दरड इथलीच), स्पिलो ते खाब हा उभ्या कड्याखालचा पट्टा, आणि नाकोजवळचा मलिंग नाला. इथे फोटोला थांबू नका, काचा खाली आणि गाणी बंद, म्हणजे वरून दगड सुटल्याचा आवाज ऐकू येतो. बर्फ पडून गेल्यावर पहिले दोन दिवस आणि कडक ऊन पडल्यावर दुपारी दगड जास्त येतात. गोठलेलं पाणी दगडांना धरून ठेवतं, ऊन लागलं की सोडतं.

---

शेकोटी

मुक्कामाबद्दल. हिवाळ्यात मोठी हॉटेलं आणि तंबूंचे कॅम्प बंद असतात, घरगुती मुक्काम चालू राहतात: ताबो, ढांकर, काझा, रंगरीक, की, किब्बर, चिचम, लांगझा. फोन करून "चालू आहे का" एवढंच विचारू नका. चार गोष्टी विचारा: झोपायच्या खोलीत तंदूर आहे की फक्त स्वयंपाकघरात? लाकूड दरात धरलंय की वेगळं? शौचालय घरात की बाहेर? रस्ता बंद झाला तर जास्त दिवस राहता येईल ना?

तंदूर म्हणजे तिथली लोखंडी शेगडी, धुरांडं छतातून बाहेर काढलेलं. काही जण बुखारी म्हणतात. स्पितीत झाडं फारशी नाहीतच, लाकूड खालून ट्रकने येतं आणि घराला हिवाळाभर पुरवायचं असतं. त्याच्या जोडीला गोवऱ्या जाळतात. त्यामुळे रात्रभर पेटती ठेवायचा आग्रह धरू नये. संध्याकाळी घरच्यांबरोबर स्वयंपाकघरात बसावं, तीच घरातली सगळ्यात ऊबदार जागा, आणि झोपताना गरम पाण्याची पिशवी घेऊन जाड रजयांत शिरावं.

आता एक गोष्ट अगदी स्पष्ट: *बंद खोलीत कोळशाची उघडी शेगडी घेऊन झोपू नका.* धुरांड्याचा तंदूर वेगळा, उघडे निखारे वेगळे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याची पहिली लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गुंगी. माणूस "उंचीचा त्रास असेल" म्हणून तसाच पडून राहतो. खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेरच्या हवेत बरं वाटलं तर संशय वायूचाच घ्या. तंदूर असलेल्या खोलीतही खिडकीची फट उघडी ठेवा. बॅटरीवर चालणारं वायूसूचक यंत्र छोटं असतं, नेता आलं तर न्या.

पाणी: नळ गोठलेले असतात, पाणी बादलीने येतं. आंघोळ विसरा. प्यायला मात्र दिवसाला तीन लिटर. दोन थर्मास हवेत. साधी बाटली उलटी ठेवा, कारण पाणी वरून गोठायला लागतं. उलटी ठेवली की बर्फ बुडाशी धरतो आणि झाकण मोकळं राहतं.

शौचालय बऱ्याच घरांत कोरडं असतं. खाली पाणी ओतू नका, बाजूला ठेवलेली माती किंवा राख फावड्याने टाका. ते खत पुढे बार्ली-वाटाण्याच्या शेतात जातं, म्हणून ओले टिश्यू, पॅड, प्लास्टिक त्यात टाकायचं नाही, पिशवीत भरून काझाला किंवा खाली आणायचं.

खाणं: बटाटा, डाळ-भात, थुक्पा, मोमो, सत्तू, लोणी-मिठाचा चहा. हिरवी भाजी क्वचितच. उंचीवर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव उपयोगी पडते: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या, डिंकाचे लाडू. घट्ट वड्या आणि चॉकलेटं थंडीत दगड होतात, दातांना त्रास.

---

मावळतीर

कपड्यांचं थोडक्यात कोणी सांगेल का? दुकानदार उणे ३० चं एकच जॅकेट घ्या म्हणतोय.

---

पहाडवेडा

एकच जाड नको, थर हवेत. अंगालगत लोकरी किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, सगळ्यात वर वारा अडवणारं. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि तोच गार पडतो. चालताना एक थर काढा, थांबलात की लगेच चढवा. हातात पातळ मोजे आणि त्यावर बोटं एकत्र राहणारे जाड मोजे. बूट अर्धा नंबर मोठे, दोन मोज्यांनी पाय आवळला की रक्त कमी पोचतं आणि बोटं आधी गोठतात. मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी, तो दिवसा घालायचा नाही. बुटांना लावायचे काटे घ्या, गावातल्या गल्ल्या बर्फाने गुळगुळीत असतात. बर्फावर गॉगल दिवसभर, ढगाळ असलं तरी.

---

बर्फाळवाट

हिमबिबट्यासाठी जाणाऱ्यांची भर घालतो. ठिकाण किब्बर-चिचम परिसर, किब्बर अभयारण्य. काळ जानेवारी ते मार्च. भरल (रानमेंढ्या) आणि आयबेक्स (रानबकरे) खाली उतरतात, त्यांच्या मागे तो उतरतो, शिवाय हा त्याचा मिलनाचा काळ. किब्बर आणि चिचममधल्या खोल घळीच्या कडेने बघायला सोपं जातं, समोरच्या भिंतीवर पूर्ण उतार दिसतो. हिमाचलच्या वन विभागाच्या २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत संपूर्ण राज्यात अंदाजे ५१ हिमबिबटे निघाले. तेव्हा दोन दिवसांत दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. उंचीला सरावल्यावर किब्बरला सहा-सात दिवस द्या.

गावातला माग काढणारा बरोबर असलाच पाहिजे. अंतर बहुधा काहीशे मीटर ते किलोमीटरभर, म्हणून ६०० मिमीची लेन्सही तोकडी पडते. स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एका डोळ्याची दुर्बीण) जास्त कामाचा. शिकार सापडली की तो दोन-चार दिवस आसपास राहतो, त्या वेळी जवळ जाणाऱ्यांमुळे त्याला शिकार सोडावी लागते. कड्यावरून उतरून जवळ जायचा आग्रह मागकाऱ्याला करू नका. ड्रोन नाही, अभयारण्य आहे आणि सरहद्दीचा जिल्हा आहे.

कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, कॅमेऱ्यात एकच. "संपली" दाखवणारी बॅटरी ऊब मिळाली की परत थोडी चालते. तंदूरच्या खोलीत शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि दोन तास उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं. कार्ड मात्र आधी काढून घ्या.

---

दूरदेशी

परवान्याचा प्रश्न. माझ्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) आहे, बरोबरच्या भावाकडे भारतीय पासपोर्ट. दोघांना वेगळे नियम?

---

एसटीप्रेमी

हो. भारतीय नागरिकाला या रस्त्यावर परवाना लागत नाही, ओळखपत्राची नोंद पुरते. परदेशी नागरिकांना आणि ओसीआय कार्डधारकांना किन्नौरमधून सुमदोपर्यंतच्या संरक्षित पट्ट्यासाठी परवाना लागतो. पिओहून जाताना तो पिओच्या प्रशासकीय कार्यालयातून घ्या. सुट्टीच्या दिवशी कार्यालय बंद, म्हणून पिओला कामाच्या दिवशी दुपारच्या आत पोचा. पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय यांच्या प्रती आणि फोटो तीन-चार जास्त ठेवा.

फोनचं: लडाखमध्ये बाहेरची प्रीपेड सिम चालत नाहीत, हिमाचलमध्ये चालतात. काझा-ताबोला नेटवर्क आहे, पण वीज गेली की टॉवरही जातात. एटीएम काझाला आहे, त्यात पैसे असतीलच असं नाही. रोख पिओलाच काढा, अडकून पडायच्या दिवसांचेही धरून.

---

मावळतीर

सगळ्यांचा सल्ला धरून बेत बदलला. चंदीगड विमानाने, पुढे टॅक्सी. नारकंडा १, कल्पा २, ताबो २ (एक दिवस ढांकर), येताना नाको १, रामपूर १, चंदीगड १. एकूण आठ रात्री. काझा पुढच्या वर्षी, तेव्हा तेरा दिवस. ठीक आहे का?

---

नाडीपरीक्षा

आईंसाठी हा बेत चांगला आहे. ढांकर ३,९०० च्या आसपास आहे, दिवसा जाऊन ताबोला परत झोपा. ढांकरच्या वरच्या तळ्याची चढण मात्र त्यांना नको. कल्पाच्या दुसऱ्या रात्रीनंतर सकाळी त्यांचं डोकं दुखत असेल तर ताबोला निघू नका.

---

पहाडवेडा

ठीक आहे, फक्त राखीव दिवस एकही उरलेला नाही. परतीचं विमान दोन दिवस पुढचं काढा, किंवा तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. हे जमत नसेल तर नारकंडा कमी करा.

ताबोला दोन रात्री ठेवल्यात ते उत्तम. इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला मठ, आतल्या भिंतिचित्रांमुळे त्याला हिमालयातली अजिंठा म्हणतात. आत वीज जवळजवळ नाही आणि फोटो काढायला बंदी आहे, म्हणून चांगली विजेरी न्या, प्रकाश चित्रांवर थेट न मारता बाजूने टाका. मातीची जमीन थिजलेली असते आणि बूट बाहेर काढावे लागतात. जाड लोकरी मोज्यांचा जास्तीचा जोड खिशात ठेवा. हिवाळ्यात दार कुलूपबंद असतं, किल्ली भिक्षूंकडे. आदल्या संध्याकाळी विचारून वेळ ठरवा, सकाळी ऊन अंगणात आल्यानंतरची मागा.

रस्त्याच्या स्थितीसाठी लाहौल-स्पिती आणि किन्नौर, दोन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांच्या सूचना रोज बघा. मावळतीर, तुमचा रामपूरच्या पुढचा रस्ता बहुतेक किन्नौरमधूनच जातो, आणि लोक फक्त स्पितीच्याच बघत बसतात.